सगळी कामं एकदम सुरू केली की वेळ वाचतो? सोयाबीनच्या पिशवीतून समजून घ्या

जून लागला की जालन्यात एकच गडबड. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना, आणि दोन्हीकडे चर्चा एकच, बियाणं आलं का?

जालना जसं स्टीलचं शहर, तसंच बियाण्याचंही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. तेव्हा कामाचा वर्कफ्लो म्हणजे काय, हे समजून घ्यायला बियाण्याच्या पिशवीइतकं चांगलं उदाहरण नाही.

हिशेब काय सांगतो?

समजा, सोयाबीनचा एक लॉट आहे. साफसफाई आणि ग्रेडिंगला ३ दिवस, उगवण चाचणीला ८ दिवस, पिशव्या छापायला ४, गाड्या ठरवायला २, भरून टॅग लावायला २. चाचणीचे ८ दिवस खरे आहेत, बाकीचे आकडे आपण हिशेबासाठी धरलेत.

एकामागून एक केलं तर १९ दिवस. पण ग्रेडिंग झाल्यावर चाचणी, छपाई आणि गाड्या ही तिन्ही कामं एकदम सुरू केली तर? ३ अधिक ८ अधिक २, म्हणजे १३ दिवस. सहा दिवस वाचले.

आता छपाई ४ ऐवजी २ दिवसांत उरकली तर अजून किती वाचतील? शून्य. कारण समांतर कामांमध्ये वेळ ठरवतं ते सगळ्यात लांबलेलं काम. इथे ती उगवण चाचणी आहे. प्रयोगशाळेत ४०० दाणे लावायचे आणि आठव्या दिवशी मोजायचे. बियाण्याला घाई करता येत नाही.

फाटा सोपा, संगम अवघड

वर्कफ्लो काढायची बीपीएमएन नावाची एक चित्रपद्धत जगभर वापरतात. त्यात शंकरपाळ्यासारखा चौकोन आणि आत अधिकचं चिन्ह असतं. पहिल्या चौकोनातून कामं फुटतात, दुसऱ्यात ती परत एकत्र येतात. दुसऱ्या चौकोनाचा नियम कडक आहे. सगळी कामं पूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

घोळ होतो तो इथेच. गाडी दारात उभी आहे, पिशव्या तयार आहेत, रिपोर्ट 'येतोच आहे'. मग पाठवायचं का? नाही. बियाण्यावर औषध लावण्याचंही तसंच. चाचणीत लॉट नापास झाला, तर साधं सोयाबीन मोंढ्यात विकता येतं. औषध लावलेलं ना तेलाला चालतं, ना जनावराला.

म्हणून साधी कसोटी लक्षात ठेवा. जे मागे घेता येतं किंवा वाया गेलं तरी परवडतं, ते समांतर चालू द्या. जे मागे घेता येत नाही, ते थांबवा.

अजून एक अडचण म्हणजे ग्रेडिंगचं मशीन एकच आणि लॉट दोन. कागदावर दोन्ही कामं स्वतंत्र दिसतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्याची वाट बघत बसतं. तेव्हा कामं मोजताना मशीन आणि माणसंही मोजा.

आणि शेतकऱ्याचं काय?

चुकीची किंमत शेवटी शेतात मोजावी लागते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधीच्या हंगामात काढणीच्या वेळी झालेला पाऊस हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. म्हणजे दाणा आधीच दुखावलेला होता, आणि अशाच वर्षी चाचणी सगळ्यात महत्त्वाची ठरते.

शेतकऱ्याचाही एक वर्कफ्लो असतोच. इकडे मशागत चालू असतानाच घरी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर कृषी विभागाच्या सल्ल्याने एकरी बियाणं वाढवायचं. तिकडे पावसावर नजर ठेवायची. ७५ ते १०० मिलीमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो.

मशागत, उगवण, पाऊस. तिन्ही फाटे एकत्र आले, की मगच तिफण जुंपायची. कारण पेरलेलं बी परत वेचता येत नाही.