घरचा संगणक आणि त्याचा कारभारी

विहिरीवर मोटेच्या जागी पंप आला, तसा आता पुष्कळ घरांतून संगणकही आला आहे. सातबाऱ्याचा उतारा, महाडीबीटीवरचा अर्ज, मुलांचा निकाल, बचत गटाचा हिशेब अशी कामे त्यावर होतात. पण पंप अडला तर आपण निदान झाकण उघडून पाहतो. संगणक अडला की घरची सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

माझ्या थोरल्या बहिणीकडे असेच झाले. भाच्याच्या शिक्षणासाठी २०१६ साली घेतलेला संगणक नीट चालत होता. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास पडद्यावर सूचना येऊ लागली, की यापुढे सुधारणा मिळणार नाहीत. तालुक्याच्या दुकानदाराने पाहून सांगितले, "ताई, हे आता भंगार झाले. नवा घ्या." किंमत ऐकून ताई गप्पच झाली. सोयाबीनचे पैसे ठिबकच्या नळ्या बदलण्यासाठी बाजूला काढले होते. नळ्या घ्याव्यात की संगणक, असा पेच घरात उभा राहिला.

कारभारी म्हणजे कोण?

संगणकाचे यंत्र म्हणजे वाडा. त्यातला कारभार पाहणारी जी कार्यप्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, छापखान्याला, म्हणजे प्रिंटरला, काम देणे, फाइली जागच्या जागी ठेवणे, हे सारे तीच करते. कारभारी बदलला म्हणून वाडा पाडावा लागत नाही, हे ध्यानात घ्यावे.

ताईच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टची विंडोज १० होती. ती २०१५ साली निघाली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्षाची सवड तेवढी ठेवली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही. पण कुंपणाला भगदाड पडले तर ते बुजवायला कोणी येत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे हे धोक्याचे.

तीन वाटा

पहिली वाट विंडोज ११ ची. ही २०२१ साली आली. तिला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. या शेवटच्या दोन अटींवर पुष्कळ जुनी यंत्रे अडतात. ताईचेही तिथेच अडले.

दुसरी वाट नवे यंत्र घेण्याची. घरात टॅलीवर हिशेब चालत असेल, किंवा एखादे काम फक्त विंडोजवरच होत असेल, तर हीच वाट बरी.

तिसरी वाट लिनक्सची. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. त्यावर उबुंटू, लिनक्स मिंट अशा अनेक कार्यप्रणाली उभ्या राहिल्या. त्यांना पैसे पडत नाहीत. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' नावाची अशीच प्रणाली केली. केरळच्या सरकारी शाळांतून मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकत आहेत. तेव्हा हे काही फक्त तज्ज्ञांचे काम नव्हे.

आधी पारख, मग सौदा

बैल घेण्याआधी आपण त्याला चालवून पाहतो. लिनक्सचेही तसेच करता येते. पेन ड्राइव्हवरून ती सुरू करून पाहावी. तोवर मूळ संगणकातले काही बदलत नाही. भाच्याने मित्राच्या मदतीने लिनक्स मिंट अशी चालवून पाहिली. घरातल्या कामांची यादी केली आणि एकेक काम करून पाहिले. सातबारा उघडला. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकलेखन झाले. बचत गटाचा तक्ता लिबरऑफिसमध्ये उघडला. प्रिंटर पहिल्या दिवशी रुसला, दुसऱ्या दिवशी चालला. टॅली मात्र तिच्यावर थेट चालत नाही, म्हणून पुतणी टॅलीचा सराव क्लासमध्येच करते.

मग सर्व फोटो व कागदपत्रे दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि नंतरच कायमचा बदल केला. ही पायरी कोणी गाळू नये. बदल करताना जुने सर्व पुसले जाऊ शकते.

आणखी एक सांगणे. "विंडोजची प्रत स्वस्तात टाकून देतो," असे कोणी म्हटले तर पावती आणि परवाना मागावा. चोरीच्या प्रतीबरोबर काय काय घरात शिरेल, याचा नेम नाही.

पहिले आठ दिवस ताई कुरकुरली. "माझे बटण कुठे गेले?" म्हणून भाच्याला हाका मारी. आता गटाच्या बैठकीचा हिशेब स्वतःच छापून नेते. आणि ठिबकच्या नळ्या वेळेवर शेतात पडल्या.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून कामांची यादी करावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि काम पाहून कारभारी निवडावा.