हिशेब नसलेले काम म्हणजे वेठच!

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे त्या दिवशीचे वाचन आटोपले, सरणत्तय झाले, आणि नेहमीप्रमाणे कोणी जातीच्या दाखल्याचे, कोणी शाळेच्या फीमाफीचे कागद घेऊन माझ्याभोवती बसले. मी पेशाने कारकून. त्यामुळे वस्तीतले अर्ज भरून देण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आलेले आहे. त्या दिवशी एक ताई शिलाई मशीनसाठी कर्जाचा अर्ज घेऊन आल्या होत्या. नाव, पत्ता, वय लिहून झाले. पुढचा रकाना होता ‘व्यवसाय’.

“काय लिहू, ताई?”

“काही नाही दादा, घरीच असते.”

“मग मशीन कशाला हवी?”

“साड्यांना फॉल-बिडिंग करते ना. पिको बाहेरून करून घ्यावा लागतो. मशीन असली तर तोही घरी होईल. तसं मी रिकाम्या वेळातच करते.”

“महिन्याला किती सुटतात?”

“ते कोण मोजतंय! येतात आणि जातात.”

उत्पन्नाचा रकाना कोरा राहिला. कोऱ्या रकान्याचा अर्ज कोणतीही बँक पुढे सरकवत नाही, हे मला कचेरीतल्या अनुभवाने ठाऊक आहे. मी अर्ज बाजूला ठेवला आणि म्हटले, “ताई, आधी एक आठवडा वही लिहा. मग अर्ज भरू.”

सात दिवसांची वही

वही म्हणजे काही मोठे खतावणीचे काम नव्हे. मुलीच्या जुन्या वहीतली उरलेली पाने. त्यावर सहा रकाने आखून दिले : तारीख, किती साड्या, कामाला बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, खर्च आणि मिळालेले पैसे. भाजी निवडायला मध्येच उठले तर तेवढा वेळ वजा करायचा. साडी सोडवणे, इस्त्री करणे, घडी घालणे हा वेळ मात्र धरायचा, कारण तोही कामाचाच भाग आहे.

आठवड्याने वही आली. एकूण साड्या २२. दुकानदार एका साडीचे ४० रुपये देत होता, फॉल आणि पिको त्याचा. म्हणजे ८८० रुपये. आता खर्च. दोरा आणि वीज मिळून साडीमागे ४ रुपये धरले, त्याचे झाले ८८. दुकानात माल आणायला-पोचवायला पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला बसचे जाऊन-येऊन २० रुपये, म्हणजे १००. हातात उरले ६९२ रुपये. आणि वेळ? साडेसत्तावीस तास. फेऱ्यांचा वेळ धरलाच नाही, तरी तासाला पडले सुमारे २५ रुपये.

त्या ताईंना पैशांपेक्षा तासांचे जास्त नवल वाटले. साडेसत्तावीस तासांना सात दिवसांनी भागले तर दिवसाला जवळजवळ चार तास होतात. रोजची चार तासांची मेहनत, आणि तिला त्या ‘रिकामा वेळ’ म्हणत होत्या!

वही पाहून त्यांनी स्वतःच दोन गोष्टी ठरवल्या. एक, पाच फेऱ्यांऐवजी दोनच फेऱ्या करायच्या; त्यात आठवड्याला ६० रुपये वाचतात. दोन, शेजारच्या इमारतींतून थेट गिऱ्हाईक धरायचे. थेट गिऱ्हाईक एका साडीचे ११० रुपये देते. त्यातून फॉलचे २५, पिकोचे २० आणि दोरा-विजेचे ४ वजा केले तरी ६१ उरतात. सव्वा तासाच्या त्याच कामाला तासाला जवळजवळ ४९ रुपये पडतात. मशीन आली तर पिकोचे २० रुपयेही घरातच राहतील. हे आकडे एका घरातले आहेत. तुमच्याकडे दर वेगळे असतील, काम वेगळे असेल. मसाला असेल, इमिटेशन ज्वेलरी असेल, शिकवणी असेल. आकडे आपले घाला, पण रीत हीच ठेवा.

वतनाची आठवण

हे सारे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, त्याला कारण आहे. आपल्या आजा-पणजांनी महारकी केली. सांगावा पोचवायचा, सरकारी माणसाच्या दिमतीला राहायचे, मेलेले जनावर ओढायचे. कामाला वेळेचे बंधन नाही आणि मोबदला ठरलेला नाही. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे आणि सुगीत जे पदरात पडेल ते बलुते घ्यायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्धच. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली.

वतन गेले, पण त्याची सवय गेली का? ज्या कामाचे तास मोजले जात नाहीत आणि ज्याचा दर काम करणारा ठरवत नाही, ते काम गावच्या चावडीवर होवो की शहरातल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत, त्याला वेठच म्हटले पाहिजे. फरक एवढाच, की इथे हाक मारणारा पाटील नाही. इथे आपली आपणच मेहनत न मोजता देऊन टाकतो.

आपल्या घरांत ‘धंदा’ या शब्दावर विश्वास कमी. मुलगा शिकला की नोकरीच हवी, आणि त्यात चूक नव्हती. भांडवल नाही, बाजारपेठेत गाळा नाही, उधारीवर माल देणारा कोणी नाही; अशा समाजाला नोकरीनेच हात दिला. मीही त्याच नोकरीवर घर चालवतो. पण आता कायम नोकऱ्या आटत चालल्या आहेत आणि जागा कंत्राटाने भरल्या जात आहेत. अशा वेळी घरात जे काम आधीपासून चालू आहे, त्याला निदान उद्योग म्हणून ओळखायला काय हरकत आहे?

घरातला वेळ कोणाचा?

घरी बसून काम करणाऱ्या बाईची मुख्य अडचण जागेची नाही, वेळेची आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदला घरकामात जात असल्याचे दिसले, पुरुषांची ८८ मिनिटे. म्हणजे कमाईचे काम सुरू होण्याआधीच पावणेपाच तासांचे काम तिच्या अंगावर असते. मग साडी मांडीवर घेतली की “चहा ठेव”, “पाणी भर”, “दारात कोण आलंय बघ”. दर वेळी उठले की हात थांबतो, टाका चुकतो आणि पुन्हा उसवावे लागते.

यावर उपाय साधा आहे, पण तो घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा आहे. दिवसातले दोन-अडीच तासांचे दोन ठरलेले टप्पे कामाला द्यावेत. एक कोपरा, एक पेटी, एक दिवा कामासाठीच ठेवावा. त्या वेळात नळाचे पाणी आणि चहा मुलगा किंवा नवरा बघेल, हे बोलून ठरवावे. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बायकोने नवऱ्याची दासी नव्हे तर बरोबरीची मैत्रीण व्हावे, असे सांगितले होते. ती बरोबरी भिंतीवरच्या तसबिरीत ठेवून चालणार नाही, ती मोरीशी आणि शेगडीशीही दिसली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. त्या वहीत मला संध्याकाळच्या साड्यांपुढे दुसऱ्याच अक्षरातल्या नोंदी दिसल्या. विचारले तेव्हा कळले, दहावीतली मुलगी रोज तासभर हात लावते. ताई म्हणाल्या, “मदत होते, दादा.” मदत होते हे खरे, पण तो तास कोणाच्या खात्यातून येतो? मी मुलीचा रकाना वेगळा आखून दिला. सातव्या दिवशी बेरीज पाहून आईच म्हणाली, “हे बंद करते. परीक्षा होईपर्यंत सुईला हात नाही लावायचा.” घरच्या उद्योगाने लेकरांचे शिक्षण वाढले पाहिजे. तोच उद्योग त्यांच्या अभ्यासाचा वेळ खाऊ लागला, तर ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिलाच आदेश आपण मोडला.

दोन डबे

पैसे “येतात आणि जातात”, कारण धंद्याचा आणि घराचा डबा एकच असतो. दोऱ्याचे पैसे गॅसला जातात आणि दोरा उधार आणावा लागतो. म्हणून डबे दोन ठेवावेत. मिळालेले सारे पैसे आधी धंद्याच्या डब्यात टाकावेत. त्यातून मालाचे पैसे बाजूला काढून मग आपली मजुरी घराच्या डब्यात न्यावी. मजुरी हा शब्द मुद्दाम वापरतो. बाई स्वतःची मजुरी धरत नाही, म्हणून तिला तोटाही नफ्यासारखा दिसतो.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगात, आणि चौथा संकटकाळासाठी राखून. हातावर पोट असलेल्या घराला अर्धी मिळकत उद्योगात घालणे जमणार नाही, हे मलाही कळते. पण दहातला एक रुपया धंद्याच्या डब्यात आणि एक अडीअडचणीला, एवढे सुरुवातीला जमते. पूर्ण जमत नाही म्हणून काहीच करू नये, असे नाही.

आडनावाचा अडसर

आता एक कडू गोष्ट. आमच्याच वस्तीतल्या एक मावशी उडदाचे पापड करतात. पापड उत्तम. एका सोसायटीतल्या बाईंनी दोनदा नेले, कौतुक केले. तिसऱ्या वेळी बोलता बोलता आडनाव विचारले. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मावशी मला म्हणाल्या, “पुढच्या वेळी दुसरंच आडनाव सांगू का रे?”

अशा वेळी मी त्यांना बाबासाहेबांची हकीकत सांगितली. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद करावा लागला. त्याच मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा ओला करायला तोंड लावावे लागे. तेव्हा मावशींचा पापड कमी पडला असे समजायचे कारण नाही. रोग जुना आहे, आणि तो विकत घेणाऱ्याच्या मनात आहे.

आडनाव लपवू नये, असे माझे मत आहे. लपवलेले उघडे पडले की गिऱ्हाईकही जाते आणि आपली मानही खाली जाते. त्यापेक्षा मालाला बोलते करावे. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा. वजन, तारीख आणि किंमत लिहावी. दर वेळी तीच चव आणि तेच वजन द्यावे. दहातली दोन गिऱ्हाईके जातील, पण राहतील ती मालासाठी राहतील. आणि आपल्या लोकांनीही एक विचार करावा. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, अशोक विजयादशमी यांच्या आधी पांढऱ्या साड्यांना फॉल लावायला किती गर्दी होते! ते काम आपल्या वस्तीतल्या बहिणीकडे जाते का? आणि गेले तर “आपलीच आहे” म्हणून आपण तिचे दहा रुपये कापतो का?

एकटीने नव्हे

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायका ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. त्याचेच पुढे ‘लिज्जत’ झाले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पीठ एकाच ठिकाणी मळायचे, भगिनींनी ते घरी नेऊन पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड तोलून आणि तपासून द्यायचे. लाटणे घरात, पण माप, दर्जा आणि नाव सगळ्यांचे एक. गिरणगावात कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणले आणि बँकेच्या दारापर्यंत नेले. त्याआधी त्या वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. एकीला जे कर्ज मिळत नव्हते, ते एकमेकींच्या हमीवर मिळू लागले.

तथागतांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या : कष्ट आणि कौशल्य, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची सोबत, आणि मिळकत पाहून खर्च. पहिली गोष्ट आपल्या बायकांकडे भरपूर आहे. दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीला वही लागते. तिसरीला महिला मंडळ लागते. मंडळ फक्त वंदनेपुरते आणि जयंतीच्या वर्गणीपुरते का असावे?

फॉल-बिडिंग करणाऱ्या आमच्या त्या ताईंनी आणखी दोघींना वही लिहायला लावले. महिन्याने तिघी मिळून दुकानदाराकडे गेल्या आणि साडीला ५० रुपये मागितले. त्याने नेहमीचे उत्तर दिले, “घरबसल्या तर करता!” ताईंनी वही उघडून तास दाखवले. बरीच घासाघीस होऊन ४५ वर तोडले. पाच रुपयेच वाढले, पण ते मागून आणि मोजून घेतलेले पाच रुपये होते.

मग आम्ही अर्ज पुन्हा काढला. आपल्या समाजासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, बँकेची मुद्रा योजना आहे. कुठेही गेले तरी ‘व्यवसाय’ आणि ‘उत्पन्न’ हे दोन रकाने चुकत नाहीत. या वेळी ताईंनी पेन माझ्या हातून घेतले आणि स्वतःच लिहिले : ‘शिवणकाम’. पुढे महिन्याचा आकडा घातला. कर्जाचा निर्णय अजून यायचा आहे. वही मात्र चालू आहे.

तेव्हा भगिनींनो, येत्या रविवारी विहारात येताना एक जुनी वही घेऊन या. रकाने आखून द्यायला माझ्यासारखा एखादा कारकून प्रत्येक वस्तीत सापडेल. आणि बंधूंनो, त्या दोन-अडीच तासांत चहा तुम्ही ठेवा.

जय भीम!