ग्रेहाउंडची उन्हाळ्यांतली धाप



कुत्रा उन्हाळ्यांत जीभ बाहेर काढून धापा टाकतो, यांत व्याख्यान देण्यासारखें काय आहे, असें आपल्यापैकीं पुष्कळांना वाटेल. तसें वाटल्यास मी रागावणार नाहीं. कारण गेल्या वैशाखांतील एका संध्याकाळपर्यंत माझेंहि मत तेंच होतें.

आमच्या शेजारच्या बंगल्यांत ‘बाण’ नांवाचा एक ग्रेहाउंड आहे. त्या दिवशीं साडेपांचाच्या सुमारास, उन्हें कललीं असें पाहून, घरांतल्या मुलानें त्याला मैदानावर नेलें व चेंडूमागें पांचसहा वेळां पळविलें. परत आल्यावर बाण ओसरीच्या फरशीवर आडवा पडून धापूं लागला. आम्ही मंडळी तेथेंच चहा घेत बसलों होतों. “आज हा फारच धापतोय कीं हो,” असें त्या घरच्या काकू म्हणाल्या. मीं चाळीस वर्षें मुलांना शिकविल्याच्या अधिकारानें उत्तर दिलें, “अहो काकू, कुत्र्याची जातच ती. उन्हाळ्यांत धापायचा नाहीं, तर काय करायचा?”

अर्ध्या तासानें पाहतों तों धाप तसूभरहि कमी झालेली नव्हती. जीभ रुंद होऊन लोंबत होती, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या आणि तोंडांतून चिकट लाळेच्या तारा निघत होत्या. बाण उठला, तों त्याचे मागचे पाय लटपटले. मग मात्र धांवाधांव झाली. अंगावर बादल्या ओतल्या, पंखा लावला आणि नंतर मोटारींतून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलें. कुत्रा वांचला. परंतु निघतांना डॉक्टर मला म्हणाले, “मास्तर, आणखी अर्धा तास गेला असता, तर माझ्या हातीं कांहीं उरलें नसतें.” अर्धा तास तर माझ्या एका वाक्यापायींच गेला होता! तें वाक्य मला अजून बोचतें. त्यानंतर या विषयाची जी माहिती मीं मिळविली, ती आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम धाप म्हणजे काय, तें पाहूं. आपल्याला उकडलें म्हणजे घाम येतो, तो वाळतो आणि वाळतांना अंगांतली उष्णता घेऊन जातो. घरांतला मातीचा माठ याच युक्तीनें पाणी गार करतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना एवढी उष्णता खर्ची पडते, कीं तेवढ्या उष्णतेनें सुमारें ५८० ग्रॅम पाणी एक अंश सेंटिग्रेडनें तापावें. कुत्र्याला मात्र गारवा देणारा घाम पंजांच्या तळव्यांपुरताच काय तो येतो, आणि तेवढ्यानें त्याचें भागत नाहीं. म्हणून निसर्गानें त्याचा माठ त्याच्या तोंडांतच ठेवला आहे. नाकाच्या आंतील ओली त्वचा, जीभ आणि टाळू यांवरून तो भराभर वारा खेळवतो, आणि तेथील ओलावा वाफ होऊन उष्णता बाहेर नेतो.

ही क्रिया वरवर दिसते तितकी अडाणी नाहीं. स्वस्थ पडलेला कुत्रा मिनिटाला दहा ते तीस श्वास घेतो. पण धापूं लागला म्हणजे हा आंकडा एकदम तीनशेंच्या घरांत उडी घेतो. मधल्या पायऱ्या तो फारशा घेत नाहीं. असें कां, याचा उलगडा क्रॉफर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६२ सालीं केला. झोपाळ्याला जशी स्वतःची लय असते आणि त्या लयींत दिलेला अल्पसा झोकाहि पुरतो, तशी कुत्र्याच्या छातीलाहि स्वतःची लय आहे. त्या लयींत धापलें म्हणजे श्रम थोडे पडतात, आणि श्रमांमुळें नवी उष्णता फारशी निर्माण होत नाहीं. पुढें १९७० सालीं नट श्मिट-नील्सन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं धापतांना हवा मुख्यतः नाकानें आंत जाते व बरीचशी तोंडावाटे बाहेर पडते. म्हणजे ओल्या भागांवरून वारा बव्हंशीं एकाच दिशेनें वाहता राहतो. शिवाय हे श्वास उथळ असतात. ते खोल असते, तर रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षां जास्त निघून जाऊन कुत्र्याला घेरी आली असती. तात्पर्य, धाप हा रोग नव्हे. तो कुत्र्याचा घाम आहे.

मग बाणाला काय झालें? त्यासाठीं ग्रेहाउंडची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. हें कुत्रें नजरेनें शिकार हेरून वेगानें ती गांठण्यासाठीं जोपासलेलें आहे. आपल्याकडील कारवान, लातूर भागांतील पश्मी, आणि २००५ सालीं भारतीय डाकखात्यानें ज्याचें तिकीट काढलें तें मुधोळ, हीं याच घडणीचीं. लांब पाय, खोल छाती, आंखडलेलें पोट, अंगावर चरबी जवळजवळ नाहीं. ग्रेहाउंडचे केस आंखूड व कातडी पातळ. त्यामुळें सावलींत पडून राहिल्यास त्याच्या अंगांतली उष्णता लौकर निघून जाते. थंडीच्या दिवसांत तर तो कुडकुडतो. परंतु हाच कुत्रा धांवूं लागला म्हणजे प्रकार उलटा होतो. त्याच्या अंगाचा मोठा हिस्सा निव्वळ स्नायूंचा. आणि स्नायू जेवढी शक्ति खर्च करतात, तिचा थोडाच भाग गतीच्या कामीं येतो, बाकीची उष्णताच होते. ग्रेहाउंडची शर्यत अर्ध्याएक मिनिटाची असते. पण तेवढ्यांत त्याचें उष्णतामान ४१ अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाऊं शकतें. निरोगी कुत्र्याचें तें साधारण ३८ ते ३९.२, म्हणजे फॅरनहाइटनें सुमारें १००.५ ते १०२.५ असतें. ही भर घालण्यास अर्धें मिनिट लागतें, पण ती उतरविण्यास धापेला पुष्कळ वेळ लागतो. आणि गडी असा उत्साही, कीं चेंडू फेंकणारा थकेपर्यंत तो थांबत नाहीं. थांबविणें हें आपलें काम आहे.

दुसरी गोष्ट हवेची. कोरड्या हवेंत माठ गार होतो, दमट हवेंत होत नाहीं, हें कोंकणांतल्या माणसाला सांगावयास नको. तोच न्याय धापेला. सोलापूरच्या ४० अंशांचा आपण धसका घेतों आणि मुंबईच्या ३४ अंशांना सौम्य समजतों. पण मुंबईच्या दमट हवेंत ओलाव्याची वाफ नीट होत नाहीं, आणि कुत्रा धापून धापून थकला तरी आंतून गार होत नाहीं. म्हणून पावसाच्या आधींचे कोंदट दिवस विशेष जपण्याचे. तिसरी गोष्ट तोंडाची. चावेल म्हणून कित्येक जण कुत्र्याचें तोंड कापडी पट्टीनें घट्ट बांधतात. अशा कुत्र्याला धापतांच येत नाहीं; उन्हाळ्यांत ही त्याची फांशीच समजावी. मुसकें घालणेंच असेल तर तोंड पुरतें उघडतां येईल असें, जाळीचें असावें. बंद मोटारीबद्दलहि हेंच. उभ्या मोटारींतील हवा उन्हांत अर्ध्या तासांत भट्टीसारखी तापते, आणि कांच बोटभर उघडी ठेवल्यानें कांहींहि साधत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न : साधी धाप कोणती आणि शंकेची कोणती? डॉक्टरांनीं मला एकच कसोटी सांगितली. धाप प्रसंगाला साजेशी आहे काय, हें पाहावें. पळून आल्यावर धाप लागली, सावली व वारा मिळतांच पंधरावीस मिनिटांत ती उतरणीला लागली, हिरड्या फिक्या गुलाबी आहेत, हांक मारतांच कान हलतात, तर काळजी नको. पण विश्रांति देऊनहि ती कमी होत नसेल, हिरड्या लालभडक किंवा पांढऱ्या-निळसर दिसत असतील, लाळ घट्ट होऊन तारा सुटत असतील, कुत्रा झोकांड्या खात असेल, ओकत असेल किंवा हांकेला ओळख देत नसेल, तर त्याला उष्माघात होत आहे असें समजून क्षणहि दवडूं नये.

या कसोटीची दुसरी बाजू अशी, कीं ऊन नाहीं, श्रम नाहींत, आणि तरीहि कुत्रा धापतो, तेव्हां कारण दुसरीकडे शोधावें. भीतीनें कुत्रा धापतो. दिवाळींतले फटाके व वळवाचा गडगडाट याचीं उदाहरणें आपण पाहतोंच. वेदनेनें धापतो, ग्रेहाउंडच्या पायाच्या हाडांना कर्करोग होण्याचें प्रमाण इतर जातींहून अधिक आहे, तेव्हां धापेबरोबर लंगडणें दिसलें तर तें मुरगळण्यावर ढकलूं नये. स्टेरॉइड जातीचीं औषधें चालूं असतां धाप वाढते. हृदयविकारानें वाढते. गोचिडांच्या तापानें रक्त कमी झालें तरीहि वाढते. म्हणून कुत्रा गाढ झोपला असतां त्याच्या छातीचे चढउतार अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावे. हा आंकडा तीसच्या वर राहूं लागला, तर डॉक्टरांना दाखवावें.

येथें मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या घरीं हरणी नांवाची कारवान जातीची कुत्री होती. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं ती पिलूं असतांना आणून दिली होती. अकराव्या वर्षीं तिचें भुंकणें घोगरें झालें. मुलें हंसत, “हरणीचा आवाज फुटला!” म्हणत. पुढें श्रावणांतल्या गार रात्रींहि ती धापूं लागली, आणि श्वास घेतांना घशांत करवतीसारखा आवाज येऊं लागला. आम्हीं तें म्हातारपण समजलों. आश्विनांतल्या उकाड्यांत एका दुपारीं ती गच्चीच्या जिन्यांत गुदमरून गेली. बाणाच्या निमित्तानें हीं लक्षणें मीं डॉक्टरांना सांगितलीं, तेव्हां ते म्हणाले, “बहुधा स्वरयंत्राचा पक्षाघात असावा.” मोठ्या अंगाच्या, उतारवयाच्या कुत्र्यांत, ग्रेहाउंडांतहि, हा आढळतो. स्वरयंत्राचे पडदे श्वासाबरोबर उघडत नाहींत. हवेची वाट अरुंद होते. धापण्याचे कष्ट वाढतात आणि त्या कष्टांनींच उष्णता वाढते. आवाज बदलणें ही त्याची पहिली सूचना. शस्त्रक्रियेनें पुष्कळांना आराम पडतो. हरणी तें सांगत होती. ऐकणारा मी होतों.

शेवटीं उपायांविषयीं. उष्माघाताची शंका येतांच कुत्र्याला आधीं गार करावें, मग दवाखान्यांत न्यावें. नळाचें, विहिरीचें, जें पाणी त्याच्या अंगाहून गार असेल तें भरपूर ओतावें आणि वारा घालावा. तरुण व धडधाकट कुत्र्याला, डोकें वर धरून, गार पाण्यांत बसविलें तरी चालतें. गार पाण्यानें अपाय होतो ही जुनी समजूत आतां मागें पडली आहे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवूं नये. तो लौकरच कोमट होतो व उष्णता कोंडतो. उष्णतामान ३९.५ अंशांवर आलें म्हणजे पाणी ओतणें थांबवावें. शुद्धीवर असेल तर पाणी पुढें ठेवावें, बळेंच पाजूं नये. दोन गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. ऊन लागलें म्हणजे आपल्या घरांत कांद्याचा रस पुढें येतो. कांदा कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट करतो, तो त्याला विष आहे. आणि माणसांच्या तापाच्या गोळ्या देऊं नयेत. हा ताप नव्हे, त्यांचा येथें उपयोग नाहीं, उलट अपाय आहे. कुत्रा सावध दिसूं लागला तरी दवाखाना टाळूं नये. आंतड्यांना, मूत्रपिंडांना झालेली इजा कित्येकदां दुसऱ्या दिवशीं प्रकट होते.

पथ्य तर अगदीं सोपें आहे. फिरणें व पळणें सूर्योदयापूर्वीं आटोपावें. संध्याकाळीं फरशी व डांबर आपल्या तळहाताला सोसतें कीं नाहीं, हें पाहूनच बाहेर पडावें. बाणाच्या दिवशीं उन्हें कललीं होतीं, जमीन तापलेलीच होती. पाण्याचें भांडें दोन ठिकाणीं, सावलींत ठेवावें.

बाण आतां बरा आहे. त्याच्या ओसरीवर मी अजून चहाला जातों. काकूंनीं “आज हा फार धापतोय” असें म्हटलें, तर आतां मी उत्तर देत नाहीं. उठतों, त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहतों, आणि घड्याळ काढतों. आपणहि एवढें करावें, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.