बारामती ते इंदापूर, 16 मिनिटं

बारामतीच्या धावपट्टीपासून इंदापूर सरळ रेषेत साधारण 48 किलोमीटर. एसटीला भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत जेमतेम दीड तास लागतो. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला अश्वांचं, गावोगावी मुक्काम. तिला इंदापूर गाठायला तीन-चार दिवस लागतात.

हेच अंतर हवेतून किती? बारामतीत शिकाऊ वैमानिक सेस्ना 152 उडवतात. दोघं खांद्याला खांदा लावून बसतील एवढंच हे विमान. 110 अश्वशक्तीचं इंजिन, भरलेल्या विमानाचं वजन 757 किलो. ताशी 185 किलोमीटरने ते सुमारे 16 मिनिटांत इंदापूरवर येईल. शिकणाऱ्यासाठी मात्र ही मिनिटं लहान नसतात. 25 जुलै 2022 ला एकटीच उडणाऱ्या शिकाऊ वैमानिक तरुणीचं असं विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. ती किरकोळ जखमांवर बचावली, हे केवढं नशीब!

मोठ्या जेटला तर हे अंतर पुरतच नाही. साडेदहा किलोमीटर उंचीवरून तीन अंशांच्या उताराने खाली यायला त्याला 200 किलोमीटर लागतात. इंदापूर शहराला विमानतळ नाही. पण आहे असं धरलं आणि विमान पश्चिमेकडून आलं, तर त्याला कोकणात म्हसळ्याच्या आसपासच उतरणीला लागावं लागेल. बारामतीवर येईल तेव्हा ते जेमतेम अडीच किलोमीटर उंचीवर असेल. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही 2.7 किलोमीटरची विमानफेरी दोन मिनिटांत होते, पण तिथे मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे चांगला रस्ता असताना प्रवासी विमानाचा हट्ट मला पटत नाही.

मला खरं अप्रूप आहे ते याच रस्त्यावरच्या जंक्शनहून आत वळल्यावर लागणाऱ्या वालचंदनगरचं. साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. ते वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. आज वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. चांद्रयान-3 नेणाऱ्या रॉकेटच्या एस-200 बूस्टरचे काही भागही इथलेच. असा एकेक बूस्टर 25 मीटर लांब, 3.2 मीटर व्यासाचा, आणि त्यात 205 टन इंधन. नुसतं हे इंधनच 270 सेस्ना विमानांच्या वजनाचं! आणि ते सगळं सव्वादोन मिनिटांच्या आत जळून जातं.

14 जुलै 2023 ला दुपारी 2.35 ला ते रॉकेट श्रीहरिकोट्याहून सुटलं आणि सुमारे 16 मिनिटांनी त्याने चांद्रयान पृथ्वीच्या कक्षेत सोडलं. सेस्नाला बारामतीहून इंदापूरला जायला लागतो तेवढाच वेळ. त्या क्षणी यानाचा वेग सेकंदाला 10 किलोमीटरहून जास्त होता. त्या वेगाने बारामती ते इंदापूर पाच सेकंदांच्या आत.