चढ आणि ताप

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या सीमेवर कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. ते १९५१ साली पुरं झालं. धरणाजवळच्या बुलहेड सिटीकडून राज्यमार्ग ६८ पूर्वेच्या डोंगरात शिरतो आणि साधारण १८ किलोमीटरांत सुमारे ९०० मीटर चढतो. वाटेत झाडाची सावली नाही, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं इथे नेहमीचं. पिकअप गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना हा ओसाड रस्ता चांगला ठाऊक आहे, कारण गाडी मागे किती वजन ओढू शकते हे ठरवण्याच्या कसोटीतला सगळ्यांत अवघड टप्पा या चढावरून घेतला आहे.

सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने २००८ साली 'जे २८०७' हे मानक आणलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा काढायची आणि जाहिरातीत छापायची. आता हवा किमान ३८ अंश सेल्सिअस, एसी पूर्ण थंडाव्यावर, मागे पूर्ण भरलेला ट्रेलर, आणि चढभर वेग ताशी ६४ किलोमीटरांखाली उतरता कामा नये. मागे जोडचाकं असलेल्या गाडीला ५६ चालतो. इशाऱ्याचा दिवा लागला किंवा काही मोडलं की गाडी नापास. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांसाठी हे मानक सर्वांआधी स्वीकारलं, आणि तिच्या टुंड्रा पिकअपचा ओढण्याचा जाहीर आकडा खाली आला. इंजिन तेच होतं, फक्त मोजमाप खरं झालं. त्या कंपनीचं मला याबद्दल मनापासून कौतुक वाटतं.

या कसोटीत एसी चालू ठेवायला लावतात, त्यामागे एक मर्म आहे. दोन-चार मिनिटं जोर लावायला आजचं जवळपास कुठलंही इंजिन पुरतं. तोच जोर पाव तास सलग लावायचा, तर तयार होणारी उष्णता त्याच गतीने बाहेर टाकता आली पाहिजे. ओझ्याची खरी मर्यादा तिथे ठरते.

थोडा हिशेब करू. गाडी आणि ट्रेलर मिळून १० टन धरा. हे ओझं ९०० मीटर वर न्यायला सुमारे ८८ मेगाज्यूल ऊर्जा लागते. ताशी ६४ च्या वेगाने चढ सतरा मिनिटांत संपतो, म्हणजे नुसत्या उंचीसाठी ८५ किलोवॅटच्या वर शक्ती हवी. टायरचं घर्षण, वाऱ्याचा अडथळा, गिअरमधली गळती धरली की आकडा १३० च्या आसपास जातो. डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी पस्तीस-चाळीस टक्केच चाकांच्या कामी लावतं. उरलेल्यापैकी साधारण निम्मी सायलेन्सरवाटे जाते आणि बाकीची, ढोबळमानाने १०० किलोवॅट, कूलंटच्या वाट्याला येते. घरातल्या गॅसचा मोठा बर्नर अडीच-तीन किलोवॅटचा असतो. तसे तीस-पस्तीस बर्नर एकदम पेटवले तर जेवढी धग होईल, तेवढी या गाडीच्या रेडिएटरला सतरा मिनिटं अखंड बाहेर टाकावी लागते, तीही आधीच तापलेल्या हवेत.

शिवाय रेडिएटरला ताजी हवा मिळतच नाही. त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, टर्बोतून आलेली हवा निववणारा इंटरकूलर असतो, कधी गिअर ऑइलचा कूलर असतो. प्रत्येक जण आपली उष्णता हवेत सोडतो आणि ती गरम झालेली हवा मागे रेडिएटरवर येते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी चढांवर 'गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा' अशा पाट्या आहेत त्या याचसाठी. तिथल्या बेकर या गावात १३४ फूट उंचीचा तापमापक उभा आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची ती आठवण. या गावातूनही एक लांब चढ सुरू होतो.

इंजिन तापलं की निदान काटा हलतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र आतल्या आत तापतो, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथेच होतं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी याच्या मूळ कल्पनेचं पेटंट घेतलं. एक पंखा तेल ढकलतो, त्या तेलाने समोरचा पंखा फिरतो. दोघांमध्ये लोखंडाला लोखंड लागत नाही. पण चढावर समोरचा पंखा मागे पडतो आणि त्या फरकात वाया जाणारी शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. १३० किलोवॅटमधले दहा टक्के असे वाया गेले तरी तेलात १३ किलोवॅट उतरतात. तेल दहा लिटर असेल आणि त्याला निववणारं काहीच नसेल, तर ते मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस अंशांनी तापेल.

ढोबळ नियम असा की तेलाचं तापमान दहा-अकरा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. ८० ते ९५ अंशांपर्यंत ते सुखात असतं. १२० च्या पुढे ते करपू लागतं, रबरी सील कडक होतात, मग क्लचच्या प्लेटा घसरतात, आणि घसरणीने आणखी उष्णता होते. अनेक गाड्यांत हे तेल रेडिएटरच्याच टाकीतून फिरवून निववतात. पण कूलंट स्वतः १०५ अंशांवर असेल तर तेल त्याखाली कसं येणार? म्हणून ओझं ओढणाऱ्या गाडीला हवेवर चालणारा वेगळा कूलर लागतो.

चालकाच्या हाती दोन मोठे उपाय आहेत. पहिला, खालचा गिअर. इंजिनाचा आवाज वाढला म्हणजे गाडी तापणार, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात फेरे वाढले की पाण्याचा पंप जोरात फिरतो, इंजिनावर बसवलेला फॅनही, आणि कन्व्हर्टरच्या दोन्ही पंख्यांना एकत्र बांधणारा लॉक बसून राहिला की तेलातली घसरण जवळपास थांबते. दुसरा, वेग कमी करणं. चढाला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात असते. ६४ वरून ४८ वर आलात की उष्णता पाव हिश्श्याने घटते. याइतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही. काटा लाल पट्ट्याकडे निघालाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. गाडी थांबवावी लागली तर इंजिन लगेच बंद करू नये. न्यूट्रलमध्ये थोडे फेरे वाढवून पाणी फिरत ठेवावं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये: आत दाबाखाली शंभराच्या वरचं पाणी असतं, झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येतं.

आपल्याकडे हाच प्रश्न गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसतो. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावलेल्या ट्रॅक्टरला कन्व्हर्टर नसतो, पण चढावर हाफ क्लचवर धरून ठेवलं की इंजिनाची शक्ती क्लच प्लेटवर घासून जळते आणि करपट वास येतो. रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ बसते, ती आतून बाहेर हवेने उडवायला दहा मिनिटं लागतात. हंगाम थंडीत सुरू होतो म्हणून बरेच ट्रॅक्टर निभावतात. मार्चनंतर तीच जाळी गाडी उभी करते.

उतारावर हिशेब उलटतो. चढताना कमावलेली उंची उतरताना तेवढीच उष्णता होऊन बाहेर पडते. बोरघाटात खोपोली ते खंडाळा हा फरक सुमारे ५०० मीटरचा. ४० टनांचा ट्रेलर तो उतरतो तेव्हा जवळजवळ २०० मेगाज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. गाडी गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक घेतात. न्यूट्रलमध्ये सोडली तर सगळा भार ब्रेकच्या लायनिंगवर येतो, आणि ती फार तापली की घर्षणच उरत नाही. बोरघाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आजही आहेत. पण गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल तर, आजचं डिझेल इंजिन इंधनाचा पुरवठा पूर्ण तोडतं. न्यूट्रलमध्ये मात्र स्वतःला चालू ठेवण्यासाठी ते डिझेल जाळतच राहतं.