ओव्हरड्राइव्हची दोन नंबरची पिन

स्वस्तातलं ओव्हरड्राइव्ह पेडल मागचे स्क्रू काढून उघडलं, की आत बहुतेक वेळा एकच सर्किट भेटतं. डबा हिरवा असो की काळा, त्यावर नाव काहीही असो. जपानच्या निश्शिन ओन्पा कंपनीत सुसुमु तामुरा यांनी ते आखलं आणि १९७९च्या सुमारास आयबानेझच्या नावाने ‘ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८’ म्हणून ते बाजारात आलं. स्टीव्ही रे व्हॉनच्या गिटारीमुळे ते जगभर पोचलं. जॉयोचं ‘व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह’ आणि बेहरिंगरचं ‘टीओ-८००’ ही त्याच घराण्यातली. हे एक सर्किट नीट समजलं, तर हाती येणारी बरीच पेडलं ओळखता येतात आणि आपल्या कानाला हवी तशी बदलताही येतात.

आधी ओळख. बोर्डावर आठ पायांचा आयसी शोधा. त्यावर बहुधा ४५५८ हा आकडा असतो. आयसीच्या एका टोकाला खाच किंवा ठिपका असतो. ती बाजू वर धरली की डावीकडची सर्वांत वरची पिन १ नंबरची. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. या आयसीत दोन ॲम्प्लिफायर असतात. पहिल्याच्या पिना १, २, ३ आणि दुसऱ्याच्या ५, ६, ७. पेडल चालू ठेवून मल्टीमीटर लावला तर पिन ८वर जवळपास ९ व्होल्ट, पिन ४वर शून्य आणि पिन १ व ७वर साधारण साडेचार व्होल्ट दिसायला हवेत. सिग्नल या साडेचारच्या वर-खाली झुलतो.

आता वीज काढा, मल्टीमीटर बीपवर ठेवा आणि काचेचे छोटे डायोड कुठे जोडलेत ते तपासा. दोन डायोड उलटसुलट तोंडाने पिन १ आणि पिन २ यांच्या मध्ये बसलेले असतील, तर पेडल ट्यूब स्क्रीमरच्या कुळातलं. (काही बोर्डांवर आयसीच्या दोन अर्ध्यांची अदलाबदल केलेली असते. तिथे ७ आणि ६ पाहा.) त्याच जागी तीन डायोड असतील, एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक, तर ते १९८१च्या बॉस एसडी-१चं रूप. डायोड आयसीच्या पुढे, सिग्नलच्या वाटेवरून थेट ग्राउंडला गेले असतील, तर घराणंच वेगळं: एमएक्सआरचं ‘डिस्टॉर्शन प्लस’ किंवा प्रोकोचं ‘रॅट’. तिथला आवाज जास्त खरखरीत असतो.

डायोडच्या जागेने इतका फरक का पडतो, यावर थोडं थांबायला हवं. पिन १ म्हणजे ॲम्प्लिफायरचं आउटपुट. तिथून थोडा सिग्नल पिन २कडे परत पाठवला जातो आणि तो किती परत येतो यावर सिग्नल किती पट वाढणार ते ठरतं. सिग्नल लहान असताना डायोड बंदच असतात. तो सुमारे ०.६ व्होल्टच्या पुढे गेला की डायोड उघडतात, बराच सिग्नल मागे फिरतो आणि वाढ आपोआप आवरली जाते. पण गिटारचा मूळ सिग्नल पिन ३वर येतो आणि या रचनेत वाढ एक पटीखाली कधीच जात नाही. म्हणजे डायोडांनी कितीही दाबलं तरी मूळ सिग्नल आउटपुटमध्ये मिसळलेला राहतो. तार हळू छेडली की आवाज साफ, जोरात छेडली की तो फाटतो आणि तरीही कॉर्डमधले स्वर वेगळे ऐकू येतात, ते या मिसळण्यामुळे. डायोड ग्राउंडला असलेल्या पेडलांत ही सोय नसते.

सगळ्यांत महत्त्वाची जागा मात्र पिन २ ते ग्राउंड. तिथे एकामागे एक दोन भाग असतात: ४.७ किलोओहमचा रेझिस्टर (पिवळा, जांभळा, लाल) आणि ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर ४७३ छापलेलं असतं. परतीच्या वाटेवर ५१ किलोओहम आणि ५०० किलोओहमचा ड्राइव्ह पॉट असतो. पॉट पूर्ण फिरवला की ५५१ला ४.७ने भागून एक मिळवायचा: सुमारे ११८ पट. पॉट शून्यावर असेल तर १२ पट. कपॅसिटर मात्र खालच्या स्वरांची वाढ अडवतो. ही जोडी ७२० हर्ट्झच्या खाली वाढ कमी कमी करत नेते. गिटारची जाड खर्जाची तार ८२ हर्ट्झला वाजते. तिथे वाढ ११८ नाही, सुमारे १३ पटच मिळते. खर्ज कापला जात नाही, फक्त फारसा वाढवला जात नाही. डायोडांच्या पुढे १ किलोओहम आणि २२० नॅनोफॅरडची दुसरी जोडी असते. ती जवळपास त्याच ठिकाणापासून वरचे स्वर उतरवू लागते. दोन्हींमुळे मधल्या स्वरांना जो फुगवटा येतो, तोच ट्यूब स्क्रीमरचा चेहरा. बँडमध्ये गिटार उठून दिसते ती यामुळे आणि घरी एकट्याने वाजवताना आवाज पातळ वाटतो तोही यामुळेच.

म्हणून बदल करायचा तर माझ्या मते सुरुवात या ४७ नॅनोफॅरडपासून करावी. पुष्कळ जण आधी आयसी बदलतात, जुन्या जपानी ४५५८साठी जास्त पैसे मोजतात. इथे सिग्नलचा आकार डायोड आणि कपॅसिटर ठरवतात, त्यामुळे आयसीने पडणारा फरक फार थोडा. कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा (छाप १०४) केला, तर सीमा ७२०वरून ३४० हर्ट्झवर उतरते आणि जाड तारेला १३ऐवजी सुमारे २८ पट वाढ मिळते. फरक पहिल्याच कॉर्डमध्ये कळतो. २२० नॅनोफॅरड लावला तर सीमा १५०च्या आसपास येते. हंबकर पिकअप असेल तर इतका खर्ज गढूळ होतो, सिंगल कॉइलला तो चालून जातो.

जास्त ड्राइव्हसाठी ४.७चा रेझिस्टर २.२ किलोओहमचा करण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. वाढ २५० पटींवर जाते हे खरं, पण कपॅसिटर तोच ठेवला तर सीमा १५०० हर्ट्झच्या वर चढते आणि आवाज चिरका होतो. रेझिस्टर निम्मा केला तर कपॅसिटर दुप्पट करायचा. २.२ किलोओहमबरोबर १०० नॅनोफॅरड लावला की सीमा पुन्हा ७२०वर येते.

डायोडांच्या जागी लाल एलईडी लावले तर ते १.७ व्होल्टच्या आसपास उघडतात. पेडल मोठ्याने वाजतं आणि दाबलेपणा कमी होतो. एकाच बाजूला आणखी एक डायोड जोडला तर एसडी-१सारखी विषम कापणी मिळते.

स्वस्त बोर्डाच्या तांब्याच्या चकत्या नाजूक असतात, जुना भाग उपसताना उचकटून येतात. सरफेस माउंट बोर्डावर तर कपॅसिटरवर आकडाही नसतो. तिथे एक सोपी वाट आहे. कपॅसिटर समांतर जोडले की त्यांच्या किमतींची बेरीज होते. जुना ४७ नॅनोफॅरड तसाच राहू द्या आणि त्याच्याच दोन टोकांवर दुसरा ४७चा पॉलिएस्टर कपॅसिटर टाका. झाले ९४, म्हणजे जवळपास १००. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो काही रुपयांत मिळतो. नव्या कपॅसिटरच्या एका पायात छोटा टॉगल स्विच घातला आणि डब्याला भोक पाडून तो बाहेर काढला, तर मूळ आवाज आणि भरलेला आवाज दोन्ही बोटाशी राहतात आणि कोणत्या गाण्याला कोणता लागतो ते वाजवतानाच ठरवता येतं.