जागा संपली!

माझे वडील तरुणपणी बडोद्याच्या कलावंत कारखान्यात होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. चीज ते तोंडीच देत, वहीला हात लावू देत नसत. माझे शिष्य शिकवणी फोनमध्ये भरून नेतात आणि म्हणतात, “गुरुजी, जागा संपली!” सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण तासाला ६०० एमबीहून अधिक जागा खाते, साध्या एमपी३ला साधारण ६० पुरतात. ६४ जीबीत शेकडो तास मावतील, मोठा फोन कशाला, असे मी सुनावीत असे.

परवा माझाच फोन सुप्रभाताच्या चित्रांनी भरला. ती पुसताना बोट वडिलांच्या बागेश्रीवर गेले. मूळ फीत केव्हाच चिकटलेली. दुसरी प्रत नाही. हात कापला. संध्याकाळी २५६ जीबीचा फोन आणला, बागेश्री दोन ठिकाणी ठेवली. शिष्यांना अद्याप सांगितलेले नाही.